अक्काच्या अंगाखालची चादर

डॉक्टर व्हायला रशियाला पाठवलेली मुलगी पहिलं वर्ष संपवून घरी येते आणि जेवताना सांगते, की आता मला महिनाभर हॉस्पिटलात फरशी पुसायची आहे आणि आजाऱ्यांची शी-शूची भांडी उचलायची आहेत. तुमच्या आईने काय केलं असतं? माझ्या आईने आमटीची पळी खाली ठेवली, देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, “तिथं नापास झालीस का गं?”

“नाही गं बाई! अभ्यासक्रमातच आहे तसं.”

“फरशी पुसणं?”

“हो, फरशी पुसणं.”

“ते इथं घरीच शिकवलं असतं की आम्ही,” अप्पा म्हणाले. “त्याला विमान कशाला?”

अप्पा म्हणजे माझे वडील. शाळामास्तर. गंभीर चेहऱ्याने विनोद करायचे आणि नंतर कुणी हसलं नाही तर दुखावले जायचे. त्या दिवशी मीच चिडलेली होते, त्यामुळे हसणार कोण?

नव्वदच्या दशकाची अखेर होती. धारवाडहून व्होल्गेकाठच्या एका शहरात मी शिकायला गेले होते. तिथली रीत अशी, की डॉक्टर व्हायचं तर पायरीपायरीने. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत सानितार्का, म्हणजे वॉर्डातली आया. दुसऱ्या वर्षानंतर नर्स. मग पुढे हळूहळू डॉक्टरांच्या मागे उभं राहायची परवानगी. या सगळ्याला प्राक्तिका म्हणायचे. ज्याला आजाऱ्याच्या अंगाखालची चादर बदलता येत नाही त्याने त्याच्या छातीला नळी लावू नये, इतकं साधं त्यांचं म्हणणं. परदेशी मुलांना पहिली प्राक्तिका आपापल्या गावी करायची मुभा होती. गावच्या हॉस्पिटलाचा शिक्का आणायचा, आणि सप्टेंबरात परत गेलं की वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरपुढे खऱ्या पेशंटवर करून दाखवायचं.

खरी मेख ती मोठी सिस्टर होती. सोन्याचा एक दात, पांढरी कडक टोपी, आणि आवाज असा की कॉरिडॉरमध्ये आम्ही सगळे भिंतीला चिकटायचो. शिक्क्याला ती काडीची किंमत देत नसे. आदल्या वर्षी एक मुलगा झोकात शिक्का घेऊन आला आणि त्याने चादरीबरोबर पेशंटच ओढला. त्याचं अख्खं वर्ष गेलं. 

माझं वर्ष जाणं म्हणजे नुसतं वर्ष जाणं नव्हतं. त्याच्या पलीकडे निपाणी होती.

निपाणी म्हणजे मामाने आणलेलं स्थळ. आमचा मामा हुबळीच्या बाजारात कापडाचा व्यापारी, राहायला नवनगरात. मला रशियाला पाठवायची गोष्ट निघाली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. “पोरीची जात, परका देश, बर्फ! इथं निपाणीचे तंबाखूवाले दारात उभे आहेत, सोन्यासारखं स्थळ!” अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं. आई स्वयंपाकघरात गेली. तेव्हा अक्का बोलली.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत गणित शिकवत मुख्याध्यापिका झाली, आणि निवृत्त झाल्यावर धारवाडच्या सप्तापुरात आमच्याकडेच राहत होती. अंगाने चांगली दणकट. रागावली की मला ‘गाढवे’ म्हणायची आणि खूष झाली तरी ‘गाढवे’च म्हणायची. फरक आवाजावरून ओळखायचा. ती मामाला म्हणाली, “ही जाणार. आणि एकदा जरी नापास झाली, तर मी स्वतः हिला निपाणीला घेऊन येते. हा माझा शब्द.”

मामा व्यापारी माणूस. त्याने शब्द घडी घालून खिशात ठेवला. वर्षभर मी फोनवर ‘पास झाले’ म्हणाले की पलीकडून ‘बरं, बरं’ असा त्याचा खट्टू आवाज यायचा. आणि अक्काने आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतला नव्हता, ही मोठी पंचाईत होती. मी नापास झाले असते तर तिने खरंच माझी ट्रंक उचलून मला निपाणीच्या बसमध्ये बसवलं असतं आणि शेजारी बसून रडली असती, पण नेलंच असतं.

तर आधी हॉस्पिटल शोधलं. हुबळीतल्या एका खाजगी हॉस्पिटलाच्या डॉक्टरीणबाई अक्काच्या विद्यार्थिनी निघाल्या. पन्नाशीच्या बाई, पण अक्का दारात दिसताच ताडकन उभ्या राहिल्या आणि हात मागे बांधले. सगळं ऐकून घेतलं आणि हसल्याच.

“एवढंच ना बाई? शिक्का आत्ता देते. हिने घरी जावं, पावसात मस्त भजी खावीत.”

“शिक्का आहे,” अक्का म्हणाली, “आणि काम?”

“काम कसलं बाई! तुमच्या भाचीच्या हातात मी फडकं देऊ?”

“शाळेत असताना न सोडवलेल्या गणिताला मी कधी मार्क दिले होते का?”

“नाही बाई.” डॉक्टरीणबाई खाली बघायला लागल्या. मला फार बरं वाटलं.

पण काम काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पांढरा कोट घालून जायची आणि त्या मला आपल्या शेजारी पंख्याखाली खुर्ची द्यायच्या. पेशंट येऊन मलाच जीभ दाखवायचे. मी उठून वॉर्डात जायची, कोपऱ्यातली बादली उचलायची, की तिथली मुख्य आया येऊन माझ्या हातातलं फडकं काढून घ्यायची. “ब्याड तंगी, ब्याड. नको बहिणी.” मी परत घ्यायची, ती परत काढून घ्यायची. फडक्याची रस्सीखेच बघायला पेशंट उठून बसायचे. चार-पाच दिवसांनी ती सरळ डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. शिकलेली पोरगी फुकटात फरशी पुसायला मागते म्हणजे हिला माझ्या जागी घ्यायचा बेत आहे. एक तर ही राहील नाहीतर मी, असं तिने कानडीत खणखणीत सांगितलं. तिचं तरी काय चुकलं? तिच्या जागी मी असते तर बादलीच डोक्यावर ओतली असती. डॉक्टरीणबाईंनी शिक्का मारला, वर धारवाडी पेढ्यांचा पुडा दिला आणि माझी बोळवण केली.

मी घरी आले ती रडतच. इतके हात-पाय धड असलेली मी, आणि अख्ख्या हुबळीत मला एक चादर कुणी बदलू देत नव्हतं! मामाचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. तंबाखूचा वास आत्ताच नाकात शिरल्यासारखा वाटत होता.

“रडतेस कशाला, गाढवे?” अक्का म्हणाली. “पेशंटच पाहिजे ना? मी होते पेशंट.”

आणि झाली की! बाहेरच्या खोलीतला कॉट भिंतीपासून ओढून मधोमध घेतला, कारण चादर बदलायची तर दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. अक्का त्यावर आडवी पडली, डोळे मिटले आणि म्हणाली, “मला आता काही हलता येत नाही. कर सुरू.”

हे काम दिसतं सोपं. पेशंटने उठायचं नाही, तुम्ही त्याला उचलायचं नाही, आणि अंगाखालची चादर तर बदलली पाहिजे. आधी डोकं हलकेच उचलून उशी काढायची. मग हात छातीवर घडी घालून ठेवायचे, कुशीवर वळवायचं, मळकी चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, स्वच्छ चादर अर्धी पसरायची, पेशंटला त्या गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं आणि उरलेलं काम दुसऱ्या बाजूने. शेवटी उशी परत द्यायची. आणि यातलं काहीही करण्याआधी पेशंटला शब्दांत सांगायचं, की आता मी हे करणार आहे. न सांगता अंगाला हात लावला की मोठी सिस्टर तिथल्या तिथे नापास करायची.

“कोणत्या भाषेत सांगायचं?” अक्काने विचारलं.

“रशियनमध्ये.”

“मग रशियनमध्ये सांग. मला शिकव आधी.”

असे आमच्या सप्तापुरातल्या घरात रोज दुपारी रशियनचे वर्ग सुरू झाले. अक्काला ‘खराशो’ म्हणजे बरं, ‘नेत’ म्हणजे नाही, ‘बोल्ना’ म्हणजे दुखतंय आणि ‘पदूश्का’ म्हणजे उशी, एवढं यायला लागलं. पेशंट म्हणून ती फार वाईट होती. म्हणजे फार चांगली होती. मी सांगायला विसरून हात लावला की मनगटावर फटका. जोरात वळवलं की ‘बोल्ना!’ असं ओरडायची की आई स्वयंपाकघरातून धावत यायची. आणि दरवेळी, अगदी दरवेळी, मी शेवटी उशी परत द्यायला विसरायची. सगळी चादर ताठ झाली, कोपरे खोचले, मी विजयाने घाम पुसतेय, आणि अक्का सपाट गादीवर मान टाकून छताकडे बघत म्हणतेय, “पदूश्का, गाढवे.”

धारवाडचा जुलै-ऑगस्ट म्हणजे कपडा वाळायची बात नाही. रोज तीन-तीन चादरी काढायच्या म्हटल्यावर आईने हात टेकले. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओल्या चादरी, आणि त्यांतून वाकून अप्पा शाळेला जायचे. एका रविवारी अक्काने त्यांना हुबळीला पिटाळून पांढऱ्या इनॅमलचं बेडपॅन आणवलं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून अप्पा बसमधून येत होते, तर एक जुना विद्यार्थी भेटला. “सर, तुम्ही ओझं कशाला उचलता?” म्हणून त्याने ते मांडीवर घेतलं आणि घरापर्यंत आणून दिलं. वर विचारलं, “पूजेचं आहे का सर?” अप्पा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पण कॉट बाहेरच्या खोलीत, खिडकी रस्त्यावर. आणि सप्तापूर म्हणजे प्राध्यापकांची वस्ती, एकमेकांच्या खिडकीत बघण्याखेरीज संध्याकाळी उद्योग काय? शेजारच्या प्राध्यापकीणबाईंनी बघितलं, अक्का डोळे मिटून पडलीय आणि मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करतेय. रात्रीच्या आत बातमी गेली, की अक्का अंथरुणाला खिळली, पाणीसुद्धा उताणं पाजावं लागतं, म्हणून भाची परदेशातून धावत आलीय.

सकाळपासून रीघ. कुणी शहाळं, कुणी मोसंबी, कुणी ग्लुकोजचे पुडे. आई दारात उभी राहून सांगायला लागली, “अहो, काही झालेलं नाही...” तर बायका तिचाच हात धरून म्हणायच्या, “होगली बिड्री, जाऊ दे, तुम्ही धीर धरा.”

“अक्का, ऊठ की आता,” अप्पा काकुळतीला आले. “लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतात तेच ऐकतेय,” अक्का पडल्या पडल्या म्हणाली. “आणि वॉर्डात काय भेटायला लोक येत नाहीत? हिला गर्दीत काम करायची सवय व्हायला पाहिजे. सुम्न बस तू, गप.”

खरं सांगू? तिला मजा येत होती. जन्मभर तिला सगळे घाबरून असायचे. आता येऊन पाय चेपत होते. अळणावरहून अप्पांची एक मावसबहीण आली. लाकडाच्या वखारवाल्यांची सून, मोठी मायाळू बाई, पण रडायला रिक्षातूनच सुरुवात. “अक्काऽ, मला सोडून चाललीस की गं!” म्हणत ती कॉटवर कोसळली ती नेमकी माझ्या नुकत्याच ताठ केलेल्या चादरीवर. अक्का एक डोळा उघडून मला म्हणाली, “बदल परत.”

या सगळ्याचा शेवट असा होईल हे मात्र तिलाही सुचलं नव्हतं. मामा आला. अक्काची अवस्था बघून त्याचे डोळे खरंच भरले. मनाने तो वाईट नव्हताच. पण व्यापाऱ्याचं डोकं रडतानाही चालू असतं. आईला बाजूला घेऊन म्हणाला, “अक्कांच्या डोळ्यांदेखत पोरीचं होऊन जाऊ दे. त्यांना समाधान. मी निपाणीवाल्यांना परवा बोलावलंय.”

मी किंचाळलेच. “बोलावलंय म्हणजे? मी नापास कुठं झालेय?”

“नापास-पास काय घेऊन बसलीस? घरात माणूस चाललंय!”

“कुठं चाललंय? ती बघ, मोसंबी खातेय!”

अक्काने मोसंबीची फोड चादरीखाली लपवली आणि कण्हली. मला इतका राग आला तिचा! मामा गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. ही तुझी नाटकं, माझ्या गळ्याला फास लागायची वेळ आली, ऊठ आणि सांग सगळ्यांना. अक्का उठून बसली. प्रथमच जरा गोंधळलेली दिसली. मग म्हणाली, “येऊ देत. आलेल्या माणसाला नको म्हणू नये. तू तुझं काम कर.”

“कसलं काम?”

“प्राक्तिका.”

निपाणीवाले आले. मुलगा, त्याची आई, वडील, आणि एक काका, जे कुठल्याही स्थळाला असतातच. मुलगा बिचारा खाली मान घालून बसलेला. मला आईने तिची मोरपंखी इरकल नेसवली होती. उप्पीट झालं, शिरा झाला, मी ताटल्या दिल्या. सगळे बाहेरच्या खोलीत कॉटच्या भोवती अर्धगोल बसलेले, कारण दुसरी जागाच नव्हती, आणि मधोमध अक्का आडवी.

“स्वयंपाक येतो का?” मुलाच्या आईने सुरुवात केली.

तेवढ्यात अक्का कण्हली. “बोल्ना...”

“काय म्हणताहेत?”

“दुखतंय म्हणतात,” मी म्हणाले.

“बेडपॅन,” अक्का म्हणाली. हे मात्र सगळ्यांना समजलं.

काकांचा उप्पिटाचा चमचा तोंडापाशीच थांबला. आई पाया पडल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मामा पुटपुटला, “कुणीतरी आयाबिया ठेवली असेल ना? तिला हाक मारा.”

मी पदर खोचला. म्हटलं, होऊन जाऊ दे! आतून ते इनॅमलचं बेडपॅन आणलं, काकांच्या उप्पिटाच्या ताटलीवरून पलीकडे नेलं, आणि अक्काच्या कानाशी वाकून स्वच्छ रशियनमध्ये सांगितलं, की आता मी तुम्हाला उजव्या कुशीवर वळवणार आहे.

“खराशो,” अक्का म्हणाली आणि हात छातीवर घेतले.

वरून चादर पांघरून, अंग झाकून, आम्ही जे काय केलं ते सगळं कोरडंच होतं. पण निपाणीला ते कसं कळावं? पुरुष मंडळी भिंतीकडे वळली. काकांनी ताटली खाली ठेवली. मुलाच्या आईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “मुलगी डॉक्टरकीला आहे असं सांगितलं होतं. आमच्याकडे असल्या कामांना माणसं आहेत बाई.”

चादरीखालून अक्काचा आवाज आला, “मग तुम्हीसुद्धा एक दिवस पडणार ना? तेव्हा कुणाला हाक मारणार, ते आत्ताच बघून ठेवा.”

पाच मिनिटांत मंडळी उठली. शिऱ्याला कुणी हात लावला नाही. मुलगा तेवढा दारात थांबून मला हळूच म्हणाला, “तुम्ही रशियन छान बोलता.” आणि पळाला. त्याचं कल्याण होवो. मामा त्यांना पोचवून परत आला, तर अक्का कॉटवर मांडी घालून बसलेली आणि काकांनी सोडलेलं उप्पीट खात होती.

“गार झालं,” ती म्हणाली.

मामा खुर्चीत बसला. “अक्का, तुम्ही आजारी नाही?”

“नाही.”

“मग हे सगळं?”

“शब्द दिलाय ना तुम्हाला. हिला पास व्हायला पाहिजे, नाहीतर मला निपाणीला यावं लागेल. आणि आता तिथं मला कोण घरात घेणार?”

मामा आधी लाल झाला, मग त्याला असं हसू फुटलं की ठसका लागला. आईने त्याला पाणी दिलं, आणि उरलेला शिरा त्यानेच संपवला. पण जाताना दारात बोट नाचवून म्हणालाच, “शब्द अजून आहे हं अक्का. नापास झाली तर दुसरं स्थळ बघतो.”

सप्टेंबरात परत गेले. मोठ्या सिस्टरने मला एका खोलीत नेलं. पलंगावर एक प्रचंड म्हातारी होती, तोंडात दात नाहीत, नजर करडी. अंगाने अक्काच्या दीडपट. रशियन सगळी डोक्यातून उडाली. मोठी सिस्टर हाताची घडी घालून उभी. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते मराठी. “अक्का, आता मी तुला वळवते हं.”

म्हातारीला काय कळलं देव जाणे, पण तिने मान हलवली. मग मला रशियन आठवली. उशी काढली, हात छातीवर, कुशीवर, चादर, पुन्हा कुशीवर. कोपरे खोचले. मी मागे सरले, आणि मोठ्या सिस्टरचे डोळे बारीक झाले. तेव्हा माझ्या कानात सप्तापूरची दुपार वाजली. मी झडप घालून उशी उचलली आणि म्हातारीच्या मानेखाली दिली. मोठ्या सिस्टरचा सोन्याचा दात तेवढा क्षणभर दिसला.

घरी फोन लावला. अप्पा, आई, मामा, सगळे फोनपाशीच होते. अक्काने फोन ओढून घेतला असावा, कारण पहिला प्रश्न आला, “उशी?”

“दिली!”

“गाढवे!” ती म्हणाली. आवाजावरून मी ओळखलं.

पुढच्या प्राक्तिका मी तिकडेच केल्या. डॉक्टर झाले, परत आले, इथलीही परीक्षा दिली, आणि हुबळीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इंटर्न म्हणून लागले. तोवर नवीन शतक येऊन जुनं व्हायला लागलं होतं. मामाने मध्यंतरी चार स्थळं आणली आणि चारही अक्काने पडल्या पडल्या परतवली. आता मात्र ती वयामुळे पडलेली असायची.

एका सकाळी अप्पांचा फोन आला. अक्काला अर्धांगाचा झटका आला होता. तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मी दुसऱ्या वॉर्डातून धावत पोचले तेव्हा दोघी आया तिच्या अंगाखालची चादर बदलत होत्या. एकीने खांदे धरले होते, एकीने पाय, आणि तिला पोत्यासारखं वर उचललं होतं. अक्काचा एक डोळा उघडा होता. त्या डोळ्यात मी कधी न बघितलेली भीती होती. अक्का, आणि भीती!

“खाली ठेवा. मी करते.”

“तुम्ही कशाला डॉक्टर? आम्ही आहोत की.”

“ठेवा म्हटलं ना!”

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या पलंगावरचे नातेवाईकसुद्धा उभे राहिले. आया बाजूला झाल्या. एक जण दुसरीला कानडीत म्हणाली, ‘हिची कुणीतरी आहे.’ मी अक्काच्या कानाशी वाकले. सांगितलं, रशियनमध्ये, जसं शिकवलं होतं तसं, की आता मी तुम्हाला उजव्या कुशीवर वळवणार आहे.

तिची उजवी बाजू गेलेली होती. तिने डावा हात हलवला, चाचपडत उजवा हात शोधला, तो मनगटाला धरून ओढत छातीवर आणला आणि वर डावा ठेवला. मग डोळा मिटला. आता ती घाबरलेली नव्हती.

मी वळवलं. चादर गुंडाळली, पसरली, पलीकडे गेले, पुन्हा वळवलं. अंग किती हलकं झालं होतं तिचं. कोपरे खोचले. एक सुरकुती राहू दिली नाही. समोरचं मला काही दिसत नव्हतं, नाक ओढत, कोटाच्या बाहीने डोळे पुसत मी तशीच उभी राहिले. फार दिवस ती राहणार नाही हे मला डॉक्टर म्हणून कळत होतं, आणि ती राहिलीही नाही.

पण त्या सकाळी तिने डोळा उघडला, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि अर्ध्या तोंडाने, अडखळत, पण स्पष्ट म्हणाली, “पदूश्का, गाढवे.”